मेंढरू कुणी पळवलं?

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर खडू घासाल तर याद राखा. मी फ्लॅनेलचा फळा आहे. सुताराने प्लायवूडवर निळं फ्लॅनेल ताणून मला बनवलं आणि चर्चमागच्या खोलीत, रविवारच्या शाळेत टांगलं. कापडाची माणसं, होड्या, मासे माझ्यावर नुसते दाबले की चिकटतात. बाई एकेक चित्र लावत येशूच्या गोष्टी सांगायच्या आणि मुलं पापणी न लववता बघायची. तेव्हा मी असा काही ऐटीत असायचो की विचारू नका.

मग समोरच्या भिंतीवर टीव्ही आला. तेव्हापासून माझा कुणावर म्हणून विश्वास नाही. झाडू मारणारे काका माझ्याकडे बघून मान का हलवतात? मदतीला आलेल्या नव्या ताई परवा माझी रुंदी कशाला मोजत होत्या?

अशात हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली. बाईंनी चित्रांचा डबा उघडला. मेंढपाळ होता, कळप होता, काटेरी झुडूप होतं. हरवलेलं मेंढरू मात्र खरंच हरवलं होतं.

मुलं खिदळली. ताई म्हणाल्या, "खिसे दाखवा रे सगळ्यांनी."

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "मेंढरू आलं की गोष्ट पुरी करू."

"त्यापेक्षा टीव्ही लावा ना बाई," ताई म्हणाल्या. "टीव्हीतलं मेंढरू हरवत नाही."

"हो ना. मग त्याला शोधायला तरी कोण जाणार?"

वा, काय साळसूदपणा. चोर कोण ते मी पाहिलं होतं. आदल्या रविवारी वर्ग सुटल्यावर बाईंनीच ते मेंढरू पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. कुंपणच शेत खायला लागल्यावर तक्रार कुणाकडे करायची? आज मेंढरू, उद्या होडी, परवा मी अडगळीत.

रविवारमागून रविवार गेले. गोष्ट अर्धीच. पहिल्या रांगेत बसणाऱ्या, सगळे लाडाने खारूताई म्हणायचे त्या मुलीची जागाही रिकामीच. आई वारल्यापासून ती येत नव्हती. 'देवाशी माझी कट्टी आहे,' असं तिने मैत्रिणींना सांगितलं होतं म्हणे.

आणि एके दिवशी ती दारात उभी. मुठीत माझं मेंढरू, पार चुरगळलेलं. म्हणजे दोघींचा कट तर.

"बाई, हे माझ्या उशीवर ठेवून गेलात. मी येईपर्यंत गोष्ट थांबवते म्हणालात, खरंच थांबवलीत?"

"विचार ह्यांना."

"थांबवली," मुलं एका सुरात म्हणाली. "आम्ही कंटाळलो."

"लाव तूच," बाई म्हणाल्या.

एरवी मेंढरू थेट मेंढपाळाच्या खांद्यावर जातं. खारूताईने ते पार कोपऱ्यात, झुडपाखाली लावलं. बराच वेळ बघत राहिली.

"हे चालत नाही येणार. दमलंय."

मग तिने मेंढपाळाला अलगद सोडवलं आणि त्या कोपऱ्यात, मेंढराला अगदी खेटून दाबलं.

"येशूने अशीच सांगितली होती," बाई हळूच म्हणाल्या. ताईंनी हातातला रिमोट खाली ठेवला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, डब्याचं झाकण नीट लावा. पण कुणाची गोष्ट अर्धी राहिली आहे, तेही बघत जा. ती काही डब्यात सापडत नाही.

माझा संशयी स्वभाव मात्र तसाच आहे. आज पुन्हा एक जागा रिकामी होती, आणि वर्ग सुटल्यावर चेन ओढल्याचा आवाज आला. मी डोळे वटारून बाईंना शोधलं. त्या केव्हाच गेल्या होत्या. चेन दप्तराची होती, खारूताईच्या.