गुंडामामांचा घोटा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. चार पाय, दोन मुठी आणि खाली रबरी बुटं, एवढाच माझा देह. सोलापुरात एका औषधांच्या दुकानाबाहेर मी वर्षभर टांगलेला होतो. मग मंद्रूपकडच्या गुंडामामांनी मला विकत घेतलं आणि मी धन्य झालो. कसला धन्य! पुढचं ऐका.

गुंडामामा मेंढपाळ. कालव्याच्या भरावावरून उतरताना त्यांचा पाय मुरगळला आणि घोट्याची दोन्ही हाडं मोडली. ऑपरेशन करून हाडांना धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मामा, दीड महिना हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. वॉकरशिवाय एक पाऊल नको."

"व्हय की," मामा म्हणाले.

पहिले दहा दिवस मामा माझ्याशी नीट वागले. त्यांच्या तळहातांचा घाम माझ्या मुठींना लागायचा. त्यांचा सगळा भार मी पेलायचो आणि तो दुखरा पाय अधांतरी राहायचा. आयुष्यात काम मिळालं म्हणून मी खूश होतो.

मग मेंढ्या व्यायल्या. एके दुपारी कुत्र्यांनी एक कोकरू ओढून नेलं. मामांनी मला उचललं, झोपडीच्या भिंतीला लावलं, तिन्ही बाजूंनी पोती बांधली आणि आत चार कोकरं सोडली.

त्यांच्या बायकोनं, तानाबाईनं, कपाळावर हात मारला. "आवं, आन् तुमी कशावर चालनार?"

"काठी हाय की! जल्मभर काठीवर रेलून एका पायावर उभा ऱ्हायलोय मी. मला ह्यो सांगाडा कशाला?"

"डाक्टरनी पाय टेकवू नका म्हनून सांगितलंय न्हवं?"

"आता दुखतंय कुटं? लई घाबरतीस तू."

खरं सांगू? मलाही ते आवडलं. कोकरं माझ्या दांड्यांना अंग घासायची, येणारे जाणारे म्हणायचे, झकास कोंडवाडा केलाय! त्या कौतुकानं मी फुगलो. मामा मात्र आधी काठीवर उभे राहिले, मग अंगणात फिरले, मग बांधापर्यंत गेले आणि आठवड्यात मेंढरांमागं रानात. संध्याकाळी घोटा सुजून टम्म व्हायचा. मामा त्यावर हळद लावायचे आणि तानाबाईपासून लपवायचे.

महिन्यानं जखमेतून पू यायला लागला. एक्स-रे काढला तर स्क्रू मोडलेले, पट्टी वाकलेली, हाड सरकलेलं. दुसरं ऑपरेशन झालं, नंतर सांधा कायमचा जखडून टाकावा लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालता येईल, मामा. पण घोटा वळणार नाही. उंचसखल रानात आता जमायचं नाही."

"मंग मी करू काय?" मामांनी विचारलं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

मित्रांनो, दुखायचं थांबलं म्हणजे हाड जुळलं, असं कधी समजू नका. डॉक्टर सांगतील तोवर आमच्यासारख्यांचा हात सोडू नका. मी हे हात जोडून का सांगतोय, ते शेवटचं ऐका.

मेंढरं विकायची ठरली. ती विकत घ्यायला माळशिरसचा सयाजी टेम्पो घेऊन आला. पण एकही मेंढरू फळीवर चढेना. सयाजीनं ढकललं, तानाबाईनं हाका मारल्या, ती पांगतच राहिली.

शेवटी मामांनी मला मागवलं. माझ्यावर भार टाकत, एक एक पाऊल ओढत ते टेम्पोपाशी गेले आणि त्यांनी जीभ टाळूला लावून रोजची हाक दिली. सगळी मेंढरं धावत आली. मामांच्या अंगाला घासून, एकामागं एक, मुकाट आत चढली.

फळी वर झाली. टेम्पो रस्त्याला लागला, दिसेनासा झाला. माझ्या मुठी धरून मामा अजून हाक देतच होते.

तानाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आवं, आता कुनाला हाका मारताय?"