टेकडी चढून दिलेलं रक्त

आमच्या आईच्या छातीत दोन वर्षं दुखत होतं आणि दोन वर्षं सगळ्यांना त्याचं कारण माहीत होतं. फक्त प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. नागपूरचे रत्नाकरमामा म्हणायचे, गॅस. शेजारच्या भानुमतीकाकू म्हणायच्या, नजर लागली. आणि नजर लागावी असं आमच्या घरात आहे काय, असं विचारलं की विषय बदलायच्या. अँजिओग्राफी झाली तेव्हा डॉक्टरांनी पडद्याकडे बघून सांगितलं, नसा एकदम साफ. तेव्हापासून आई छातीवर हात ठेवून थांबली, की लोक तिला ओवा देऊन पुढे जायचे. नसा साफ असलेल्या बाईनं कण्हू नये, असा एक कायदाच झाला होता.

मग डॉक्टर गीतांजली भेटल्या. ओवा न देणारी ही पहिलीच बाई. त्यांनी आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथं औषध टोचून हृदयाला पळायला लावतात आणि ते पळत असताना त्याचा एमआरआय काढतात. त्यात सापडलं.

"बड़ी नसें ठीक हैं," डॉक्टर म्हणाल्या. "दिक्कत छोटी नसों में है."

मोठा रस्ता मोकळा आहे, त्यांनी आईला समजावलं. जाम आहे तो गढ्याच्या गल्ल्यांत, आणि अँजिओग्राफी गल्लीत शिरत नाही. गढा म्हणजे आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहराचा जुना, दाटीचा भाग. आई तिथंच लहानाची मोठी झालेली, तिला एका वाक्यात कळलं. बाबांना वेळ लागला. ते गढ्याचे जावई. सासुरवाडीबद्दल कोणी बोलायला लागलं की ते मान हलवतात, ऐकत नाहीत.

पुढचं मात्र त्यांनी नीट ऐकलं. डॉक्टर म्हणाल्या, या आजाराचे सगळे पेशंट सारखे नसतात. काहींचं औषधं घेऊन वर्षानुवर्षं छान चालतं, काहींचं हृदय पुढे थकतं, काहींना अटॅक येतो. हृदयावर ताण असला की रक्तात काही पदार्थ वाढतात. ते मोजले, की आपला पेशंट कोणत्या बाजूला जाईल, याचा अंदाज बांधता येतो.

"म्हणजे कुंडली," बाबा म्हणाले.

"कुंडली नहीं, अंकल. मौसम का अनुमान समझिए. छाता लेना है कि नहीं, इतना पता चलता है."

बाबांबद्दल इथं थोडं सांगायला हवं. नाव नीलकंठ. तोफांच्या कारखान्यातून निवृत्त, काम तपासणीचं. तोफेची नळी तयार झाली, की तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून डागतात. फुटली नाही तर शिक्का बसतो. याला प्रूफ म्हणतात. आमच्या घरातली प्रत्येक वस्तू बाबांनी अशीच पास केलेली आहे. मी पहिलीत गेलो तेव्हा माझ्या दप्तरात त्यांनी विटा भरून बघितल्या होत्या. नवीन खाट आली की ते, मी आणि शेजारचे अतुलकाका असे तिघं एकदम बसतो. आजवर दोन खाटा नापास झाल्या, आमच्यासकट.

रक्त द्यायच्या सकाळी मी स्कूटर काढत होतो, तर बाबा म्हणाले, "अजिंक्य, तू सरळ चेरीतालच्या लॅबमध्ये ये. आम्ही आधी निघून राहिलो."

"काहून?"

"देवळात जाऊन येतो."

बाबा शेवटचे देवळात गेले ते स्वतःच्या लग्नाला. मला शंका यायला हवी होती. पण सकाळी मला शंका येत नाहीत.

लॅबसमोर दोघं ऑटोतून उतरले. आई घामानं भिजलेली, तोंड लाल, साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली. बाबांच्या चेहऱ्यावर माल वेळेवर पोचवल्याचं समाधान होतं.

"जल्दी लो भैया," त्यांनी रक्त घेणाऱ्याला सांगितलं. "ठंडा होने के पहले."

"खून गरम ही रहता है, अंकल," तो म्हणाला. त्यानं सुई काढली.

रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला. आकडे दोन. एक ट्रोपोनिनचा, दुसरा एनटी-प्रोबीएनपीचा. हे दुसरं नाव फुटून निघालेल्या पक्षासारखं आहे. दोन्ही आकडे ठळक छापलेले, दोन्हींपुढे वर जाणारा बाण. डॉक्टरांची भेट परवाची होती.

आईनं रिपोर्ट वाचला, फोन मला परत दिला आणि वरणाखालचा गॅस बंद केला. वरण शिजलेलं नव्हतं. आम्ही तसंच जेवलो. जेवण झाल्यावर बाबांनी कप धुतले, मग धुतलेले कप धुतले. हे मी जन्मात बघितलेलं नव्हतं, आणि बाणांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आईनं कपाट उघडलं. "ही हिरवी साडी तुझ्या बायकोला."

"मला बायको नाही."

"मला दिसत नाही का ते? म्हणून नाव नाही घेतलं."

मी इंटरनेटवर सगळं वाचून काढलं. त्यानंतर माझा फोन मला जीवन विम्याच्या जाहिराती दाखवायला लागला. त्याला जे कळलं होतं ते मला म्हणायचं नव्हतं. एरवी मी कुठल्याही प्रसंगात एखादा विनोद करतो, घरात तेवढंच काम माझ्याकडे आहे. त्या दोन दिवसांत एकही सुचला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. मग आईकडे बघितलं. मग पुन्हा रिपोर्टकडे.

"आंटी, खून देने से पहले कोई भारी काम किया था?"

बाबा भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघायला लागले.

"सांगा ना जी आता," आई म्हणाली.

"तू सांग. चढली तू."

"कहाँ चढीं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मदन महल की पहाड़ी," आई म्हणाली.

"पूरी, ऊपर किले तक," बाबांनी जोडलं. एवढ्यातही त्यांना ते जोडावंसं वाटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी माझ्या आईवडिलांकडे बघितलं. साठीच्या आसपासची दोन माणसं, एकाला गुडघा नाही, दुसरीला छाती.

"क्यों?"

मग बाबांनी प्रूफ समजावलं. नळी, जास्तीची दारू, शिक्का. "नागपूर में आप लोगों ने दिल को दौड़ाया, तभी तो पकड़ में आया ना, मैडम. बैठे-बैठे तो हर माल पास हो जाता है. तो मैंने सोचा, खून भी लोड पर ही लेना चाहिए."

"अंकल, ये तोप नहीं हैं."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी सांगितलं यांना," आई म्हणाली.

पण गुन्हा एकट्या बाबांचा नव्हता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मीच म्हटलं यांना, चला म्हणून," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "जिथं तपासायला जाते, तिथं दुखणं बाहेर चपला काढून थांबते. आत एकटी मीच जाते. मग सगळे म्हणतात काही नाही. एमआरआयची सीडी दिली, तर ती लावायचं मशीन कोणाकडे नाही. वाटलं, रक्तात तरी सापडू दे एकदाचं."

"दोनदा बसली ती चढताना," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कारखान्याचा राहिला नव्हता. "मी म्हटलं, परत जाऊ. ऐकली नाही. मला वाटलं... पास होऊन येईल."

मी डॉक्टरांना एवढ्याचं हिंदी करून सांगितलं.

डॉक्टर रागावल्या. हळू आवाजात रागावल्या, त्यामुळे जास्त लागलं. छातीत दुखतंय तरी चढत राहणं किती महागात पडलं असतं, हे त्यांनी बाबांना समजेल अशा भाषेत सांगितलं. त्यात 'नळी फुटणे' हा शब्द आला. मग म्हणाल्या, दमून आल्यावर हे आकडे धडधाकट माणसाचेही वाढतात. वाढले ते आजारानं की टेकडीनं, हे यावरून सांगता येणार नाही. आठवडाभर आराम, मग पुन्हा रक्त.

"और बीच में कोई परीक्षण नहीं, अंकल."

आठवडाभर बाबांनी आराम राबवला. आईला वर्तमानपत्राचं एकेक पान वेगळं करून मिळायचं, सगळं एकदम जड होईल म्हणून. सासूचा सीन आला की टीव्हीचा आवाज बंद. भानुमतीकाकू भेटायला आल्या, त्यांना दारातच सांगितलं, बोला, पण चढ्या आवाजात नको. काकू त्या दिवशी फार थोडं बोलल्या. एवढा आराम लग्न झाल्यावर मिळाला असता, तर सासरबद्दल आपलं मत वेगळं असतं, असं आई म्हणाली. म्हणजे नेमकं काय, ते आम्ही विचारलं नाही.

दुसरा रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. मी तो आधी उघडला नव्हता. उघडला असता तर मलाच कोणाला तरी उचलून आणावं लागलं असतं.

डॉक्टरांनी वाचला. "बढ़िया. दोनों हद के अंदर."

बाबांनी चष्मा काढला. मी खुर्चीत जरा खाली घसरलो. इतके दिवस मी ताठ बसत होतो हे मला तेव्हा कळलं. फक्त आईचा चेहरा पडला.

"मतलब कुछ नहीं है," ती म्हणाली. नापास झालेल्या पोरीसारखं.

"नहीं, आंटी. बीमारी है. पक्की है. दर्द सच्चा है, दवा चलेगी." डॉक्टर टेबलावर पुढे झुकल्या. "बस, आगे का खतरा कम दिख रहा है. हर छह महीने देखते रहेंगे. दोनों बातें एक साथ सच हैं."

आईनं ते मनात एकदा म्हणून बघितलं, ओठ हलले. मग म्हणाली, "एक बार इनकी तरफ देखकर बोलिए."

डॉक्टर बाबांकडे वळल्या आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणाल्या. मग न सांगता माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा.

"ऐकलं ना जी?" आई म्हणाली.

"ऐकलं."

"मग रडून काहून राहिले?"

"चष्मा नाही लावला."

बाहेर पडलो. लांब कॉरिडॉरच्या अर्ध्यावर आई थांबली. हात छातीवर गेला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिनं जिभेखाली गोळी ठेवली, आणि आम्ही बसायला जागा शोधली. बाक भरलेले होते. भिंतीला लागून व्हीलचेअर उभ्या होत्या, रिकाम्या. आई एकीत बसली. बाबा शेजारच्या दुसरीत बसले. एकट्यानं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मी तिसरीत.

वॉर्डातला एक माणूस आला. त्यानं आम्हा तिघांना क्रमानं बघितलं. "किसको ले जाना है?"

"किसी को नहीं, भैया," बाबा म्हणाले. "इनका दर्द उतर रहा है. हम साथ में हैं."

तो गेला. आई डोळे मिटून बसली होती. बाबांनी तिचा हात धरला होता, आणि कोणी ओव्याचं नाव काढलं नाही. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, श्वास सोडला आणि म्हणाली, "गेलं. चला."

कोणी उठलं नाही. खुर्च्या आरामशीर होत्या.