वळणावरची भिंत

आमच्या गल्लीत कुणी मोटारसायकल चालवत घुसला तर बायका झाडू घेऊन आडव्या येतात. उतरायचं आणि ढकलत न्यायची. हा कायदा सुराबाया शहरातल्या कुठल्या साहेबाने केलेला नाही, आम्ही केलाय. म्हणून गल्लीत फरशी बसवायची ठरली आणि "फरशी आमची, नकाशा तुमचा" असं नगरपालिकेने सांगितलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. रविवारी सगळे खडू घेऊन उतरलो आणि जिथे जे हवं ते जमिनीवरच काढू लागलो. मी कुंड्या काढल्या. शेजारणीने नेमका माझ्या कुंड्यांवर बाक काढला. तिची खोडच आहे ती.

सुमिनीआजी वळणावर बसल्या होत्या. त्यांनी एक लांबट चौकोन काढायला घेतला. तो रस्त्यात मावेना, तेव्हा रेघ तशीच कास्दीच्या भिंतीवर चढवली.

कास्दी त्या भिंतीआड टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून विकतो. तो झारा घेऊनच बाहेर आला.

"आजी, माझ्या भिंतीवर हे काय काढताय?"

"जनाजा."

आमच्या वळणावर जनाजा, मयत वाहून न्यायची ती लाकडी खाट, आडवा वळत नाही. मयताला बांधून उभं करावं लागतं, तेव्हा कुठे तो पुढे सरकतो. आजींचा नवरा, वीर्योआजोबा, अंथरुणाला खिळलेले.

"जन्मभर बंदरात ओझी वाहिली त्यांनी," आजी म्हणाल्या. "जाताना तरी आडवे जाऊ देत. तुझा हातभर कोपरा दे, बाबा."

"अन् चूल कुठे मांडू? डोक्यावर? मेलेल्याला काय कळतंय आजी, उभा नेला की आडवा!"

"मग तूच झोप की त्यात. तू जिवंत आहेस, तुला कळेल."

हशा पिकला. कास्दीही इरेला पेटला. मशिदीतून जनाजा आणला, तर हा ऐटीत आडवा झाला. "बेताने रे, माझं तेल तापलंय!"

चौघांनी उचलला. वळणावर रीतीप्रमाणे पायाकडची बाजू खाली गेली आणि डोक्याकडची वर. कास्दी घसरला, गुडघे दुमडले, हसू विरलं. त्याने दोन्ही कडा घट्ट धरल्या. मयताला कुठून धरता येणार?

उतरल्यावर तो आत गेला, कढई उतरवली आणि पहार घेऊन आला.

"माझ्या बापाला इथूनच नेलं," तो म्हणाला. "पायाकडे मीच होतो."

आणि त्याने पहिला घाव घातला.

कोपरा पडला, तरी वीतभर जागा कमीच पडत होती. समोरची भिंत माझी. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, तेच जास्त लागलं. मी नवऱ्याला म्हटलं, "बघताय काय? कुदळ आणा."

मग सारी गल्ली रांगेत उभी राहिली आणि विटा हातोहात निघाल्या. माझ्याशी वर्षभर अबोला धरलेल्या त्या बाकवाल्या शेजारणीनेही माझ्या हातून वीट घेतली.

संध्याकाळी जनाजा पुन्हा उचलला. रिकामाच होता, तरी ओट्यांवरचा एकूण एक माणूस उठून उभा राहिला. तो वळणावर आला, आडवाच वळला, कुठे घासला नाही. आजी मागून चालत होत्या. एवढी मोठी गोष्ट आम्ही आमच्या हातांनी केली, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

वीर्योआजोबांची खाट खिडकीशी सरकवलेली होती. त्यांनी सगळं पाहिलं.

"वळला?"

"वळला," आजी म्हणाल्या.

"मग आता मला घाई नाही. कास्दीला सांग, चूल आमच्या दारात मांड म्हणावं."

कास्दी कढई आणायला गेला.