अरुंधती कुणाला दिसते

आठ दिवसांसाठी म्हणून सुहासिनीचे सासरे धाकट्या सुनेकडे गेले. होळी गेली, पाडवा गेला, बाजारात आंबे आले, तरी अण्णा परत यायचं नाव घेईनात.

"बरंच आहे की, तुला विश्रांती," तिचा नवरा उन्मेष म्हणाला. पण सुहासिनीला विश्रांती नको होती, अण्णा हवे होते. लग्न होऊन ती अंबरनाथला आली ती बारावीला अडकलेली सून म्हणून. अण्णा कारखान्यातून आले की चहा घेऊन गच्चीवर जात आणि ही वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मागोमाग. त्यांनी तिला रोहिणी दाखवली, चित्रा दाखवली. नक्षत्रं म्हणजे चंद्राचे रोजचे मुक्काम, हे समजावलं. खेड्यापाड्यात सप्तर्षींना म्हातारीची बाज म्हणतात आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर, हेही त्यांनीच सांगितलं. पुढे ती लायब्ररीतून पुस्तकं आणून आपली आपणच वाचायला लागली. सोसायटीतल्या बायका तिला ग्रहणात काय पाळायचं ते विचारत, ती त्यांना ग्रहण कसं लागतं ते सांगे. बायकांनी विचारणं सोडलं. पण आल्यागेल्याला अण्णा "ही माझी शिष्या" म्हणत, तेवढं तिला पुरत होतं.

मग दीर शौनकचं लग्न झालं आणि राजसी आली. राजसी पीएचडी करत होती. विषय काय, तर जुन्या काळच्या लोकांनी आकाश कसं पाहिलं आणि त्यातून काय जाणलं. जगात इतके विषय पडले होते!

बदलापूरला सोनिवलीत त्यांचा नवा फ्लॅट. तिथून अण्णांचा फोन यायचा.

"सुहास, आज राजसीने काय वाचून दाखवलं माहितेय? इजिप्तमध्ये व्याधाचा तारा पहाटे उगवला की नदीला पूर येणार हे ओळखायचे."

"मला ठाऊक आहे, अण्णा."

"अगं, पण ती मुळातून सांगते!"

मुळातून! त्या दिवशीच्या पोळ्या इतक्या जाड झाल्या की शेवटी उन्मेषने विचारलं, कुणावर राग आहे?

एका शनिवारी तिने साटोऱ्यांचा डबा भरला आणि रिक्षा करून थेट सोनिवली गाठली. मनात बेत पक्का होता. मागच्या दिवाळीत राजसीने गुरूला शुक्र म्हटलेलं तिने जपून ठेवलं होतं. पोरीचं सगळं आकाश कागदावरचं. आज तिला अण्णांसमोर गच्चीवर उभं करायचं आणि विचारायचं, दाखव अरुंधती. मग बघू मुळातून काय निघतं ते.

अंधार पडल्यावर तिघं गच्चीवर गेली. अण्णा खुर्चीत बसले. राजसीने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. उकाड्यात शाल! सुहासिनीने ती काढून घडी घातली.

"आज बाज छान दिसतेय," ती म्हणाली. "राजसी, अरुंधती कुठली गं?"

राजसी गडबडली. "ताई, आज धूळ फार आहे. नको ना. त्यापेक्षा कृत्तिकांचं सांगू? जुन्या ग्रंथात म्हटलंय की कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, म्हणजे त्या काळी–"

"ते मी वाचलंय. अरुंधती."

"अरबांकडे हाच तारा दाखवून नजर तपासायचे म्हणतात..." राजसी बोलता बोलता थांबली.

सुहासिनीला आतून गुदगुल्या झाल्या. "लग्नात दाखवली असेल की भटजींनी."

"लग्न दुपारी होतं, ताई."

"मग अण्णा दाखवतील. अण्णा, दाखवा हो तुमच्या या नव्या शिष्येला."

अण्णा खुर्चीत सरळ बसले. मग हात उचलून म्हणाले, "ती काय. मधल्या चोराला चिकटून. बारीक, पण स्पष्ट."

बोट थेट समोरच्या अर्धवट टॉवरवर होतं. क्रेनच्या टोकाला लाल दिवा लागला होता, त्यावर.

सुहासिनीने वर पाहिलं. सप्तर्षी बरेच वर होते, आणि तिला अरुंधती चष्म्यातून नीट दिसत होती.

"हो, दिसली," राजसी पटकन म्हणाली. "केवढीशी आहे!"

खोटं बोलण्यातसुद्धा ही आधी! पण त्या खोट्यात अजिबात आश्चर्य नव्हतं. ते सुहासिनीला जास्त लागलं.

"तुला माहीत होतं," ती राजसीला म्हणाली.

राजसीने मान खाली घातली. अण्णांनी बोट हळूच मुठीत मिटलं.

"मीच सांगितलं तिला. मधलं सगळं धुरकट झालंय गं. कडेकडेचं दिसतं तेवढंच."

"केव्हापासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

"आणि मी? मी एकाच घरात राहते तुमच्याबरोबर!"

"म्हणूनच. तू गच्चीवर आलीस की विचारणार, अण्णा, तो कुठला? ही वाचून दाखवते, मी ऐकतो. ऐकायला डोळे लागत नाहीत. शिवाय ज्याला अरुंधती दिसेनाशी होते तो सहा महिन्यांत जातो, असं जुने लोक म्हणायचे. हे तुला मीच सांगून ठेवलेलं. तू रोज मोजत बसली असतीस."

बसलीच असती ती.

"सहा महिने केव्हाच झाले, ताई," राजसी म्हणाली. "तेवढं एक जुन्यांचं चुकलंय. अण्णांना मी तेच सांगते."

सुहासिनीला रडू येत होतं, आणि ते नक्की कशाचं हे तिलाच उमगत नव्हतं. अण्णांच्या डोळ्यांचं निम्मं असेल. उरलेलं, त्यांनी ही गोष्ट दुसरीला आधी सांगितली, त्याचं.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"सोमवारी उल्हासनगरला नंबर लावलाय," राजसी म्हणाली. "तुम्हीही या ना, ताई."

"मीही म्हणजे? मी नेणार त्यांना. तू ये हवं तर."

"भांडा, भांडा," अण्णा म्हणाले. "कान शाबूत आहेत माझे."

सुहासिनी त्यांच्या खुर्चीजवळ गेली. "अण्णा, घरी चला. यापुढे विचारणार नाही. मी सांगत जाईन कुठे काय उगवलंय. चुकले तर तुम्ही धरा."

अण्णांनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी राजसीकडे, म्हणजे तिचा आवाज आला होता त्या बाजूला, मान वळवली. तेवढंही सुहासिनीला खुपलं.

"आमचं कृत्तिकांचं अर्धवट राहिलंय," ते ओशाळून म्हणाले.

"शनिवार-रविवार मला द्या ताई," राजसी म्हणाली. "बाकी तुमचे."

सुहासिनीने मनातल्या मनात हिशेब केला. दोन दिवस म्हणजे फार होतं.

"शनिवारी रात्री अण्णा माझ्याकडे जेवून इकडे येतील," ती म्हणाली. "आणि रविवारी दुपारी चहाला परत माझ्याकडे."