लांबड्या गाडीची नजर

तात्यासाहेबांनी पुण्याहून एक वापरलेली परदेशी गाडी आणली आणि लासूर स्टेशनात त्यांचं हसं झालं. गाडी भारीची, साहेबलोकांची, पण घडण अशी की मागं छतासकट लांबच लांब, थेट शववाहिकेसारखी. पहिल्याच दिवशी चौकात कुणीतरी विचारलं, "तात्या, कोण गेलं?" सारजाबाईला नवऱ्याची दया आली अन् रागही आला. माणसानं हौस करावी, पण गावाला तोंड द्यायची तयारी ठेवून करावी.

एवढी हसणारी तोंडं, नजर लागायचीच. म्हणून तिनं गाडीच्या पुढच्या जाळीवर लिंबू-मिरची बांधली. तिथून गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. रस्ता मोकळा असला तरी केकाटायची अन् आपली आपणच ब्रेक मारून उभी राहायची. सारजाबाईनं लिंबाला काळ्या बाहुलीची जोड दिली. गाडी जास्तच अडू लागली. मग बिब्बा आला, मग आणखी एक बाहुली आली. मेस्त्री यायचे, बॉनेट उघडून मान हलवायचे अन् चहा पिऊन जायचे.

एका शनिवारी जुनं लिंबू-बिंबू सगळं सोडलं, पण बाजारात धड लिंबं मिळेनात. त्या दिवशी तात्या छावणीला जाऊन आले अन् गाडी गरीब गाईसारखी चालली. संध्याकाळी सारजाबाईनं नव्या बाहुल्या लटकवल्या, तशी ती फाटकातच अडली. सारजाबाई मटकन ओट्यावर बसली. गाडीला तोंडाशी डोळा असतो, समोर काही आलं की ती थांबते, हे तात्यांनीच कौतुकानं सांगितलं होतं. त्या डोळ्यापुढं आपणच बाहुल्या नाचवतोय व्हय!

पण तिनं चकार शब्द काढला नाही. गावभर गाडीला शिव्या घालून झाल्यावर आपल्या अंगावर कोण ओढून घेईल? बाहुल्याही तिनं तशाच लोंबत ठेवल्या.

अशात पंचमी आली. लेक प्रेरणा बजाजनगरात दिलेली. गेल्या पंचमीला सासऱ्यांनी तिला एका रात्रीपुरती धाडली होती, अन् जाताना पोर फाटकाशी मागं वळून वळून बघत होती. ते आठवलं की सारजाबाईला घास गोड लागत नसे. यंदा दोघं स्वतःच मुराळी होऊन, त्याच गाडीतनं अडत-थांबत, लेकीला आणायला गेले.

व्याही नानासाहेब महाखवचट. गाडीची कीर्ती त्यांच्या कानावर आधीच गेलेली. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "तात्यासाहेब, मी येतो संगं. ही न थांबता लासूरला पोचली, तर सूनबाईला पोळ्यापर्यंत ठेवा. मधी कुठं बी थांबली, तर तिथूनच माघारी."

प्रेरणाचं तोंड उतरलं. तात्यांच्या कपाळावर घाम आला.

"अन् एक," नानासाहेब म्हणाले, "नेली त्याच गाडीत आणून घालायची. आमच्या घरची सून एसटीनं येत नसती. गल्लीत दिसलं पाहिजे."

"कबूल," सारजाबाई नवऱ्याच्या आधी बोलून गेली. "जरा थांबा, बाहुली मळलीया, तेवढी सोडते." सगळा जुडगा सोडून तिनं पिशवीत कोंबला.

गाडी निघाली ती सुसाट. नानासाहेब पुढं बसून कान टवकारून होते. अर्ध्या वाटेत त्यांची चुळबुळ सुरू झाली. निघताना जिंकायच्या खुशीत त्यांनी तांब्याभर ताक ढोसलं होतं.

"तात्यासाहेब, जरा बाजूला घेता का?"

"थांबलो तर थांबली म्हणाल."

"नाय म्हणत."

"तुमचा भरवसा नाय, व्याहीबुवा. गाडीचा हाय."

मागं प्रेरणानं पदर तोंडात कोंबला. लासूरला गाडी दारात लागायच्या आत नानासाहेब दार उघडून परसाकडं धावले.

पोळ्यापर्यंतचे दिवस कसे सरले कळलंच नाही. घर नुसतं भरून गेलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रेरणा हिरमुसून साड्यांच्या घड्या घालू लागली. सारजाबाईला ते बघवेना. तिनं पिशवीतला जुडगा काढला, पदराखाली घेतला अन् हळूच गाडीपाशी गेली.

जाळीवर आधीच दोन बाहुल्या लोंबत होत्या. चांगल्या ठसठशीत, मधी ईडलिंबू. गाठ होती दाव्याची, बैलाला मारतात तशी. घरात असली गाठ एकाच माणसाला येत होती.

तिनं वळून पाहिलं. तात्यासाहेब ओट्यावर बशीतून चहा भुरकत होते.

"कवापासून ठावं व्हतं?" तिनं विचारलं.

"तू बजाजनगरात बाहुली सोडली अन् गाडी नीट चालली, तवापासून."

सारजाबाईला हसू आलं अन् डोळेही भरून आले. तिनं पदराखालचा जुडगा काढून त्या दोघींच्या शेजारी बांधला.

थोड्या वेळानं तात्यांनी व्याह्यांना फोन लावला. "गाडी फाटकातच अडली बघा, व्याहीबुवा. प्रेरणाला एसटीत बसवून देऊ का?"

पलीकडून नानासाहेब एसटीच्या नावानं कडाडले. आतल्या खोलीत प्रेरणा घडी घातलेल्या साड्या परत कपाटात ठेवत होती.

"व्हय, व्हय, तुमचा शब्द मोडायचा नाय," तात्या गंभीरपणे म्हणाले. "बघू, महालक्ष्म्यांपर्यंत व्हईल दुरुस्त. जुन्या गाडीचा काय भरवसा सांगावा?"