जर्नलमधलं हिमोग्लोबिन

चिंतामणी सरांनी जर्नलवर लाल रेघ मारली आणि नीलाचं डोकं फिरलं.

"पार्वतीचं हिमोग्लोबिन सहा? साडेबारा लिही," सर म्हणाले. "सगळ्यांचं साडेबाराच आलंय."

येणारच! भिवंडीतल्या या लॅब टेक्निशियनच्या कोर्सला सुई टोचायची ती नुसती नावाला. आकडे यायचे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आणि त्यात त्याच्याही मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. शहाऐंशी साली कुणा धडधाकट मुलीचं रक्त साडेबारा भरलं होतं. तेव्हापासून सात वर्षं अख्खा वर्ग तिच्याच रक्तावर पास होत होता, आणि सर डोळे झाकून सह्या ठोकत होते.

नीलाने मात्र खरंच मोजलं होतं. कामतघरच्या चाळीतून चालत येणारी पार्वती तिची प्रॅक्टिकलची जोडीदार. नळीत आम्ल, त्यात पार्वतीच्या बोटाचं रक्त, मग शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी; पाणी नळीवरच्या ज्या आकड्यापर्यंत चढेल, तेवढं हिमोग्लोबिन. दोनदा केलं, दोन्ही वेळा सहा. पोरीला जिना चढताना धाप लागायची, ती उगाच नव्हे.

उद्या प्रॅक्टिकलची परीक्षा होती. जर्नलवर सरांची सही नसेल तर बसू देत नाहीत. वर्ष जातं.

"लिव ना साडेबारा," पार्वती कुजबुजली. "माझ्यापायी तुझं वरीस जायाचं. मला काय बी झालं न्हाय."

"तू गप्प बस!" नीला तिच्यावरच खेकसली. मग सरांकडे वळली. "सर, तुम्हीच करून बघा."

सरांचाही पारा चढला. त्यांनी पार्वतीचा हात ओढला, सुई टोचली, बोट दाबदाबून रक्त घेतलं. दहा मिनिटं थांबून पाणी घालू लागले. रंग साडेपाचावरच जुळला. सरांनी नळी बेसिनमध्ये ओतली.

"नळी खराब आहे," ते म्हणाले आणि जर्नलमध्ये स्वतःच १२.५ लिहून खाली सही केली. "घे. बस परीक्षेला."

हवी ती सही मिळाली होती. पण नीलाने ते पान सरांच्याच समोर धरलं.

"सर, हा आकडा तुमच्या अक्षरात आहे. हिला काही झालं ना, तर हेच पान घेऊन मी प्रिन्सिपॉलकडे जाईन."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी जर्नल हिसकावून घेतलं, आकडा खोडला, ५.५ लिहिलं, बाजूला पुन्हा सही केली, तारीखही घातली. मग कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

पार्वती बोटावर कापूस दाबून समोरच उभी होती. सरांनी तिच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. नीलाला वाटलं, ते जर्नल यांच्याच डोक्यात घालावं. तिने ते त्यांच्या हातातून घेऊन बगलेत मारलं, पार्वतीचा दंड धरला आणि तिला सरकारी दवाखान्यात न्यायला बाहेर काढलं.

"हं, पुढची कोण?" मागून सरांचा आवाज आला.