रिकामी डिस्क

इशिताने फाइलमधला ‘आयडीई’ हा शब्द निवडला आणि पुसायच्या आधी खुर्ची मागे वळवली.

“सर, हे बदलायच्या आधी अजून काही करायला लागतं का?”

पंढरीनाथने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. तो स्वच्छच होता.

“काय लागणार? शब्द बदल, सेव्ह कर, झाली डिस्क स्कझी. तुम्हा लोकांना येतंच की सगळं.”

“ओके सर.”

बेव्हर्ली पार्कमधल्या त्या पॅथॉलॉजी लॅबचे चौदा वर्षांचे रिपोर्ट एका जुन्या विंडोजमध्ये होते. त्याला खरा कॉम्प्युटर उरला नव्हता. सर्व्हरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर असल्याचं नाटक चालायचं, आणि त्या नाटकातली डिस्क म्हणजे एक भलीमोठी फाइल. नाटक बसवलं होतं पंढरीनाथने. आता आलेल्या नव्या सर्व्हरला जुन्या पद्धतीने जोडलेली आयडीई डिस्क चालत नव्हती, स्कझी पद्धतीनेच जोडलेली हवी होती. लॅबच्या मालकीण हंसाबेन म्हणाल्या होत्या, “आज जो चालू करेगा, नया सर्व्हर उसी के हाथ में.” ‘जो’ म्हणताना त्या इशिताकडे बघत होत्या.

इशिताला येऊन चारच महिने झाले होते. तेवढ्यात तिला मान टेकायची खुर्ची मिळाली. त्याबद्दल पंढरीनाथचं काही म्हणणं नव्हतं. त्याची मान चौदा वर्षं विनाआधार ताठ होती. पण दसऱ्याला सर्व्हरला हळदकुंकू तो लावायचा. या वर्षी हंसाबेननी वाटी तिच्यापुढे धरली, “इशिता बेटा, तू कर ने.” पंढरीनाथला नारळ फोडायला पाठवलं, तेही बाहेर जिन्यावर, कारण आतली फरशी नवी होती. त्या दिवशीचा झेंडू अजून सर्व्हरवर सुकत पडला होता.

त्याने तिला न सांगितलेली गोष्ट छोटीशीच होती. शब्द बदलण्याआधी त्या विंडोजला एक रिकामी स्कझी डिस्क जोडून दाखवावी लागते. एकदा ओळख झाली की मग ते मोठ्या डिस्कलाही ओळख देतं. नाहीतर सुरू होता होता निळा पडदा येऊन सगळं ठप्प. रिपोर्टना धोका नव्हता, त्यांची कॉपी कपाटात होती. पंढरीनाथ काही राक्षस नव्हता. फक्त निळा पडदा येईल, हंसाबेन म्हणतील, “पंढरीभाई, अब?” मग तो उठेल. लगेच नाही. किती वेळाने, तेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

इशिताने शब्द बदलला, डिस्क काढून पुन्हा जोडली आणि मशीन सुरू केलं. हंसाबेन येऊन मागे उभ्या राहिल्या. पडदा काळा झाला. पंढरीनाथने चष्मा चढवला, बाह्या दुमडल्या.

जुन्या विंडोजच्या चित्रातली हिरवी टेकडी आली. निळं होतं ते तिच्यावरचं आकाश, तेवढंच.

“वाह बेटा.”

“मैंने कुछ नहीं किया मॅडम. सर की नोट में सब लिखा था.”

इशिताने टेकडीवरची एक फाइल उघडली. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. ‘कृपया डिस्क बदलण्याआधी रिकामी डिस्क जोडणे. नवीन येणाऱ्यासाठी, कृपया.’ कृपया दोनदा घालायची खोड लॅबमध्ये एकाच माणसाला होती.

“सुबह ही लगा दी थी खाली डिस्क,” इशिता म्हणाली.

हंसाबेननी पर्समधून नव्या सर्व्हरच्या खोलीची किल्ली काढली आणि पंढरीनाथच्या हातावर ठेवली. “भाई, ये आप ही सँभालो. ऐसा आदमी कहाँ मिलता है.”

त्या गेल्या. पंढरीनाथने बाह्या सोडल्या, बटणं लावली.

“सकाळीच वाचलं होतंस?”

“हो सर.”

“मग मघाशी विचारलंस ते?”

“सहज.”

तिने सर्व्हरवरचा झेंडू उचलून केराच्या डब्यात टाकला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

“सर, ही नोट नव्या सर्व्हरवर घेऊ ना? की काढून टाकू?”

पंढरीनाथने चष्मा काढला आणि शर्टाचं टोक शोधू लागला.